पडदा हलला की ओरडायचं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव खंडू. सांगावं ते इमानानं करायचा, दुखणं काय ते तेवढंच. शेजारगावच्या तात्याबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, “कुठं तरी कामाला टिकून दाखव, मग माझी पोर हौसा तुझी.”

जत्रेत दादूशेठचा सिनेमाचा तंबू आला. खंडू तिथं कामाला लागला.

सिनेमा झपाटलेल्या घराचा. पण भूत आलं की लोक हसायचे. एक म्हातारी तर म्हणाली, “अगंबाई, किती वाळलीय! जेवते का नाही?”

शेठ बोलण्यात हुशार. म्हणाले, “खंड्या, भीती भुतात नसते, आवाजात असते. पडद्यामागं बस आन् जुनं दार करकरव.”

दुसऱ्या दिवशी शेठनं लग्नाचा सिनेमा लावला. नवरी बोहल्यावर चढली अन् खंडूनं दार करकरवलं. कर्रर्र! लोकांनी शिट्ट्या मारल्या.

शेठ खवळले, “अरे बैला, लग्नात अक्षता टाकतात!”

“बरं शेठ.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा भूत. पांढऱ्या साडीतली बाई पडद्यावर आली, तसा खंडू पुढं धावला आणि तिच्यावर मूठभर अक्षता टाकल्या. लोक म्हणाले, “नवरदेव कुठाय?”

शेठनं कपाळ बडवलं. “नीट ऐक. पडदा हलला अन् मागून बाई दिसली, की ‘भूत, भूत’ ओरडायचं. दोरी हिसडून तंबू हलवायचा. बाकी डोकं चालवायचं नाही!”

आता मात्र खंडूनं बरोबर केलं. सिनेमातल्या खिडकीचा पडदा हलला, मागून भुतीण डोकावली. खंडू ओरडला, तंबू हलला, लोक चपला टाकून पळाले. सगळ्या जत्रेत बोभाटा झाला, “भ्यायचं तर दादूशेठच्या तंबूत!” शेठनं खंडूला कायमचा ठेवला.

तात्याबांनी शब्द पाळला. लग्नाचा मांडव सजला, शेठही आले. खंडू पाटावर उभा राहिला. समोर पांढरा अंतरपाट.

शेवटचं ‘सावधान’ झालं. पडदा हलला. मागून बाई दिसली.

आज खेळ आहे हे शेठ बोलले नव्हते. पण काम ते काम.

“भूत! भूत!” खंडू ओरडला आणि त्यानं मांडवाची दोरी हिसडली. अख्खा मांडव वऱ्हाडावर बसला. तात्याबा रांगत बाहेर आले, हौसाला ओढलं आणि बैलगाडी उधळत आल्या वाटेनं निघाले. मागं वऱ्हाड, भटजी, वाजंत्री.

खंडूनं शेठना मांडवाखालून उपसून काढलं.

“बघा शेठ, कसे पळताहेत! असा खेळ तंबूतबी जमला नव्हता.”