घासून टाकलेला व्रण

खूप खूप जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. डोंगराकडच्या एका गावात जन्माने आंधळी असलेली एक बाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा म्हादू. लहानपणी तो जात्यावर पडला नि कपाळाला मोठी खोक पडली. जखम भरली, व्रण राहिला. आईने लेकाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण त्या व्रणावरून बोट फिरवलं की तिचं मन भरून यायचं.

तरणा झाल्यावर म्हादू सैन्यात निघाला. आई म्हणाली, "लढाईच्या मुलखात चाललास, बाबा. उद्या कुणीही येऊन काहीही सांगेल. हा व्रण हाताला लागल्याशिवाय मी कुणाचं खरं मानायची नाही."

वर्षं लोटली. नशीब बघा! म्हादू शिपायाचा सरदार झाला, सरदाराचा राजा आणि राजाचा सम्राट. राज्याभिषेक ठरला. त्याची आठवण म्हणून सम्राटाच्या चेहऱ्याचं सोन्याचं पदक काढायचं ठरलं. पदकाचा ठसा कोरायला केरोबा नावाचा म्हातारा कारागीर बसला.

आता हे ठशाचं काम असतं उफराटं. पदकावर जे उंच दिसायचं, ते पोलादात खोल खणायचं आणि जे खोल दिसायचं, ते उंच राखायचं. केरोबाने कपाळावरच्या व्रणासाठी पोलादाची एक बारीक रेघ उंच राखली होती.

सम्राटाने ठसा पाहिला. त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "ही घासून टाका."

"महाराज, घासलेलं पोलाद परत आणता येत नाही," केरोबा म्हणाला. "आणि ही रेघ गेली, तर चेहरा तुमचा राहायचा नाही."

"सम्राटाच्या कपाळावर खोक शोभते का?"

केरोबाने कानस उचलली आणि रेघ घासून टाकली.

सोहळा थाटात झाला. आईकडे जायचं सम्राटाच्या मनात नव्हतं असं नाही हो. पण पाहुणे, नजराणे, मेजवान्या! त्याने पहिलं पदक दूताबरोबर गावी धाडलं आणि महिन्याभरात येतो म्हणून निरोप दिला.

दूत दारात येऊन म्हणाला, "आजी, तुमचा मुलगा सम्राट झाला. हा बघा त्याचा चेहरा."

म्हातारीने पदक दोन्ही हातांत घेतलं. हनुवटी चाचपली, नाक चाचपलं आणि हसली. मग बोट कपाळावर गेलं. तिथे फिरलं, पुन्हा फिरलं. तिचं हसू मावळलं.

"हा माझा म्हादू नव्हे," ती म्हणाली. "माझ्या लेकराला मारलंत, आणि वर हे सोनं देता?"

दूताने शपथा घेतल्या, पाय धरले. पण म्हातारी ऐकेना. तिने अन्नपाणी सोडलं. घाबरलेला दूत घोड्यावरून माघारी पळाला.

सम्राट तसाच, मुकुटही न घालता निघाला. तो गावात पोहोचला तेव्हा शेजाऱ्यांनी म्हातारीला अंगणात आणून ठेवलं होतं. त्याने तिचा थंडगार हात उचलला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"आई, बघ ना गं," तो रडत म्हणाला, "आहे व्रण. इथेच आहे."

बोट काही हललं नाही.

ज्या खुणेने आपली माणसं आपल्याला ओळखतात, ती खूण मोठेपणासाठी कधी पुसू नये.