तरसाची पिकअप

एका घाटाच्या पायथ्याशी, दाट जंगलात, दोन अस्वल भाऊ राहत. त्यांच्या गुहेचे छत खचत चालले होते. झोपेत अंगावर माती पडे. म्हणून दोघांनी झाडीतल्या मोकळ्या जागेत दगडाचे घर बांधायचे ठरवले. चांगला दगड होता घाटमाथ्यावर. तो खाली आणायला गाडी हवी, आणि जंगलात जुनी पिकअप विकायला होती ती फक्त तरसाकडे.

तरसाच्या अंगणात भर दुपारीही धुके असे. तिथे पक्षी बसत नसत. पिकअप मात्र झकास होती. निळा रंग इतका ताजा की हात लावला तर चिकटेल. धाकट्याने आत उडी मारली, अंगणातच चकरा मारल्या आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"दादा, एक नंबर! घेऊन टाकू."

थोरला वाकून आत बघत होता. ब्रेकच्या पॅडलखालचा पत्रा खोल दबला होता. कुणीतरी जीव खाऊन त्यावर पाय रोवले असावेत.

"आधीचा मालक कुठे असतो?" त्याने विचारले.

"इथंच, जवळ," तरस म्हणाले आणि हसले. "तुम्ही दगड वरून खाली आणणार ना? गाडी भरून?"

"हो."

"घरी कोण कोण?"

"आम्ही दोघंच."

"मग गाडीत दोघंही बसणार असाल." तरसाने ओठ चाटले. "किमतीचं काय घेऊन बसलात, मालक? एखादं मधाचं पोळं द्या, झालं."

थोरल्याने धाकट्याला बाजूला घेतले. "ते भाव सोडून भलतंच विचारतंय. आज नको. उद्या मुंगूस मिस्त्रीला आणू. गाडीत दगड भरू, उतारावर चालवून बघू, मग घेऊ."

"उद्या म्हणे! उद्यापर्यंत दुसरं कुणी घेऊन जाईल. तुझं नेहमीचंच आहे, दादा. मी काय जन्मभर तोंडात माती घेऊन झोपू?"

धाकट्याच्या मानेवरच्या केसांत खरोखरच माती होती. थोरल्याने ती झटकली. "बरं बाबा, तुझ्या मनासारखं होऊ दे. पण पहिली खेप मी आणणार. तू पाया खण."

मुलांनो, जंगलात हॉर्न फार लांबून ऐकू येतो. धाकटा पाया खणत होता, तेव्हा घाटातून हॉर्न वाजू लागला. थांबेचना. एकेका वळणावर तो जवळ येत गेला. धाकटा हसला. दादाला गाडी आवडली, म्हणून वाजवतोय, असे त्याला वाटले. त्याने वर बघून दोन्ही हात हलवले. मग हॉर्न बंद झाला. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

तो धावत दरीत गेला. तिथे नुसते दगड विखुरले होते. गाडी नव्हती. दादाही नव्हता. चिखलात काहीतरी जड ओढत नेल्याच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या बाजूने पंजे उमटले होते. त्या खुणा हुडकत, रात्रभर चालून, सकाळी तो पोहोचला तो तरसाच्या अंगणात.

पिकअप तिथे उभी होती. ठोकून सरळ केलेली, आणि आता हिरवी. रंग अजून ओला होता. तरसाचे पोट टम्म फुगले होते. भेकर नवराबायको गाडीभोवती फिरत होते, आणि तरस त्यांना गोड आवाजात विचारत होते, "घरी कोण कोण असतं?"

तरसाला फाडावे असे धाकट्याला वाटले. पण भेकरीण गाडीत चढायला निघाली होती. तो आडवा आला आणि एवढेच म्हणाला, "वहिनी, थांबा. आधी दगड भरू. मग ही गाडी घाटातून खाली आणू. चालवायला या तरसालाच बसवू."

तरस हसले. "मला कुठं चालवता येतं!"

"मग शेजारी बस. मी चालवतो." धाकट्याने दार उघडून धरले. "बस ना. गाडी चांगली आहे ना तुझी?"

तरसाचे हसू बंद झाले. ते एकेक पाऊल मागे गेले आणि धुक्यात शिरले. भेकरांनी एकमेकांकडे पाहिले. दोघे पायीच घरी गेले. धाकट्याने चावी काढून डोहात फेकली आणि दगड घालून गाडीची चाके फोडली.

आता तो घाटमाथ्यावरून दगड पाठीवर आणतो. भिंत हळूहळू वर येते आहे. राहणारा तो एकटाच, खोल्या मात्र त्याने दोन काढल्या आहेत; एक दादाची.

तात्पर्य : जुनी गाडी रिकामी चालवून घेऊ नये. ती भरून, उतारावर, विकणाऱ्याला आत बसवून पाहावी. आणि भाऊ 'उद्या बघू' म्हणाला, तर उद्यापर्यंत थांबावे. घर एक दिवस उशिरा झाले म्हणून काही बिघडत नाही.