तेलाचा डाग नसलेली थैली

पूर्वी तगर नगरीत सुयाम नावाचा राजा प्रजेला लेकरांसारखे सांभाळीत असताना बोधिसत्त्वाने एका सचोटीच्या घरात जन्म घेतला. त्याचे नाव ऋजुक. मोठा झाल्यावर तो राजाचा ऋणपरीक्षक झाला. पेढ्यांनी वाटलेल्या कर्जांपैकी कोणते परत येईल, कोणते रखडेल आणि कोणते बुडाले, हे पाहून राजाला सांगायचे, हे त्याचे काम. काम तसे रूक्षच. पण वैद्याने आजाऱ्याची नाडी धरावी तशा मायेने ऋजुक ते करी.

त्या नगरीत कारागिरांची एक मोठी पेढी होती. तेली, रंगारी, शंखाच्या बांगड्या घडवणारे, सगळे तिथूनच भांडवल उचलीत. आणि त्याच पेढीत माधवी नावाच्या एका व्रतस्थ वृद्धेने अंगावरचे दागिने मोडून अक्षयनीवी ठेवली होती. नीवीच्या मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, व्याजातून पुण्यकर्म चालवायचे, अशी ती ठेव. तिच्या व्याजावर वेशीजवळचे अन्नछत्र चाले. वाटसरू असो की एकटी पडलेली बाळंतीण, तिथून कुणी उपाशी उठत नसे.

पेढीचा प्रमुख श्रेष्ठी विमल. माणूस लोण्याहून मऊ. चैत्री पौर्णिमेला जो वर्षाचे व्याज भरी, त्याच्या दाराला पेढीकडून वाजतगाजत तोरण बांधायचे, ही प्रथा त्यानेच पाडली होती. गेली काही वर्षे तर कर्जदाराचे एकही दार तोरणावाचून राहिले नव्हते. राजा हरखून गेला.

"पेढी असावी तर अशी! राजकोशातले निम्मे धन तिथेच ठेवू या. ऋजुका, यंदाच्या पौर्णिमेला तू जाऊन बैस आणि ती कर्जे कशी आहेत ते मला सांग."

पौर्णिमेला ऋजुक विमलाशेजारी जाऊन बसला. बाहेर सनई, आत कर्जदारांची रांग. पहिली आली कुसुंभा रंगारीण. तिने थैली ठेवली, ऋजुकाने उचलली, तर त्याची बोटे लाल झाली.

"अर्धंच व्याज आहे, श्रेष्ठी," ती म्हणाली. "यंदा माझा रंग बसला नाही, बाजार मात्र बसला."

"अगं, मग तोरण कसं बांधायचं?" विमल कळवळला.

"नका बांधू. दार उघडं दिसेल, एवढंच ना? चोराला वाटेल, इथं काही नाही. बरंच झालं!"

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुसुंभाही हसली आणि निघून गेली.

तिच्यामागून आला भद्रक तेली. त्याने पूर्ण व्याज भरले. ऋजुकाने थैली हातात घेतली, वळवून पाहिली, हुंगली. थैली कोरी करकरीत होती.

"भद्रका, तुझ्या घरी पाणी प्यायलं तरी त्यावर तेलाचा तवंग असतो. या थैलीला डाग कसा नाही रे?"

"धुतली, महाराज," तेली म्हणाला.

"आणि धुऊन पुन्हा पेढीचीच गाठ मारलीस?"

भद्रकामागे उभी असलेली त्याची बायको हळूच पुटपुटली, "मी सांगत होते ना, निदान गाठ तरी सोडा! आळसाला काही औषध नाही."

ते ऐकून विमलाचा चेहरा उतरला. तो ऋजुकाचा हात धरून त्याला आतल्या दालनात घेऊन गेला.

"गाठ मीच मारली होती," तो म्हणाला. "आदल्या दिवशी मागच्या दाराने मीच अडलेल्यांना नवं कर्ज देतो. त्यातून ते जुन्याचं व्याज भरतात. बाबा रे, शेजाऱ्याच्या दाराला तोरण आणि आपल्या दाराला नाही, हे पाहून त्यांची पोरं रडतात. मला बघवत नाही."

"म्हणजे आपलाच पैसा मागच्या दाराने बाहेर आणि पुढच्या दाराने आत. वर सनई!"

"हसू नकोस. उद्या तू खरं बोललास, तर सगळे एकदम ठेवी मागतील. पेढी बसेल. माधवीबाईंची नीवी जाईल, अन्नछत्राची चूल विझेल. एक दिवस गप्प बैस. राजाचं धन आलं की सगळं निस्तरतं." असे म्हणून विमलाने गळ्यातली मोत्यांची माळ काढून त्याच्यापुढे धरली.

ऋजुकाने ती दोन्ही हातांनी परत विमलाच्याच गळ्यात घातली. "श्रेष्ठी, नासलेल्या दुधात ताजं दूध ओतलं तर काय होतं, ते कुठल्याही गृहिणीला विचारा. राजाचं धन म्हणजे तरी कुणाचं? याच लोकांचं. ते मी नासू कसं देऊ? पण चूलही विझू द्यायची नाही. मला आजची दुपार द्या."

त्या दुपारी तो घरोघर फिरला. भद्रकाच्या घाण्याचा बैल चांगला गुबगुबीत होता, घाणा कुरकुरत होता. नडले होते ते एवढेच की तिळाचे पीक उशिरा आले होते. शंखकाराच्या घरी पांढऱ्या भुकटीत बसून सारे कुटुंब कांकणे घाशीत होते. समुद्रावरून माल आला की त्यांचे बरे चालणार होते. कुसुंभाचे रंगाचे रांजण ओले होते. शेवटी तो हस्तिदंताच्या व्यापाऱ्याकडे गेला. सगळ्यांत मोठे कर्ज त्याचे आणि सगळ्यांत मोठे तोरणही त्याच्याच दाराला. आत पाहतो तर पालींशिवाय कुणी नाही. व्याज भरले, तोरण बांधून घेतले आणि त्याच पावली तो पसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीच्या अंगणात राजा आला. सारे नगर लोटले होते. ऋजुक हात जोडून उभा राहिला.

"महाराज, या पेढीची पुष्कळ कर्जे आजारी आहेत. तोरणांनी ताप झाकला गेला होता. आजारी आहेत, पण मेलेली नाहीत. मेलेलं एकच आहे, हस्तिदंतवाल्याचं, आणि ते मोठं आहे. सगळ्यांत निरोगी कर्ज पाहायचं असेल, तर ते कुसुंभाचं. ती अर्धंच देते, पण स्वतःचं देते. राजकोश आज इथे ठेवू नये."

मग एकच गलका उडाला. "आमची ठेव द्या! आमची आधी!" लोक पायऱ्यांवर चढू लागले. विमल खांबाला धरून उभा होता.

तेवढ्यात काठी टेकीत माधवी पुढे आली. तिच्यासाठी सगळे बाजूला झाले.

"मुला, माझ्या नीवीचं काय?" तिने विचारले.

"आजी, आज सगळ्यांनी ठेवी मागितल्या, तर पहिल्या चार जणांना मिळतील आणि बाकीच्यांना काही नाही. थांबलात तर मुद्दल येईल. हळूहळू येईल, पण येईल."

"कशावरून?"

ऋजुकाने कमरेची थैली सोडली. उभ्या आयुष्याची कमाई तिच्यात होती. ती त्याने विमलापुढे ठेवली. "ज्यांना मी आजारी म्हणालो, त्यांच्याच भरवशावर ही माझी ठेव. बुडाली तर मी तुमच्या अन्नछत्रात जेवायला येईन."

माधवीने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि ती खुदकन हसली. "ये हो. पण ताट घासावं लागेल! ठेवा रे माझी नीवी तिथेच."

तिने असे म्हटल्यावर पायऱ्यांवर चढलेले लोक ओशाळून एकेक खाली उतरले. विमलाच्या डोळ्यांत पाणी आले. हस्तिदंतवाल्याचे कर्ज आपण स्वतःचा वाडा विकून भरू, असे त्याने तिथेच जाहीर केले, आणि कित्येक वर्षांत त्याला आली नव्हती इतकी गाढ झोप त्या रात्री आली. राजा म्हणाला, "धन नंतर पाहू. पण राजवाड्याचे दिवे आजपासून भद्रकाच्या तेलावर जळतील."

व्याज पुरेसे येईना, तोवर अन्नछत्राचे काय झाले? भद्रकाने तेल दिले, शंखकाराच्या लेकीसुनांनी भाज्या चिरल्या. कुसुंभा वाढायला उभी राहिली, तेव्हा तिच्या लाल हातांनी भातही गुलाबी झाला. वाटसरू म्हणाले, "अहो, आज कुणाचं लग्न आहे का इथे?" "हो," भद्रकाची बायको म्हणाली, "खऱ्याचं!" सारी पंगत खदखदा हसली. काही वर्षांत पेढीचे मुद्दल उभे राहिले, राजाचे धन आले, आणि वेशीजवळची चूल एकही दिवस विझली नाही.

जेतवनात ही कथा पुरी करून धर्म शिकवणारे शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा मऊ मनाचा विमल तो आपला आनंद. राजा सुयाम म्हणजे सारिपुत्त. काठी टेकीत येणारी माधवी ती आजची विशाखा, कुसुंभा म्हणजे उत्पलवर्णा. आणि लोकांचे दुखणे लोकांपुढे सांगून त्यांच्याच उशाशी बसणारा ऋजुक मीच होतो." सत्य बोलावे, आणि ते ज्यांच्याविषयी बोललो त्यांची साथ सोडू नये, ही सत्यपारमिता.