गळ्याचं अर्धवर्तुळ

“म्हणजे कापड कमी होणारच?”

“शिवणीत थोडं जातंच, मास्तर,” भानूबुवा म्हणाले.

बुवांच्या मठात लोक मेलेल्या माणसांचे कपडे आणून देत. बुवा त्यांच्या गोधड्या शिवत आणि वाटेवरचे भिकारी, बैरागी त्या पांघरत. सोनटक्के मास्तरांनी आणला होता तो त्यांच्या कुंदाचा फ्रॉक. पाच वर्षांची पोर, तिला जाऊन वर्ष झालं होतं. घरात तो फ्रॉक दिसला की मास्तरांची बायको ताटावरून उठायची.

मास्तर भूमिती शिकवत. पंचक्रोशीत त्यांचं उत्तर कधी चुकलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगत.

त्यांनी खिशातून कागद काढला.

“समोरची बाजू मोजलीय. वरचा भाग आयत, चारशे ऐंशी. घेर म्हणजे समलंब चौकोन, एक हजार पन्नास. बाह्यांची दोन अर्धवर्तुळं, एकशे चौपन्न. त्यातून सत्त्याहत्तर वजा. एकूण सोळाशे सात चौरस सेंटिमीटर. गोधडीत एवढं भरलंच पाहिजे. तसूभरही कमी चालणार नाही.”

“नाहीतर?”

“तिचं एवढंच उरलंय, बुवा...”

बुवा अक्षरशत्रू. तरी कागद उलटसुलट करून बघितला.

“ते वजा कशाचं केलंत?”

“गळ्याचं. तिथं कापडच नाही. रिकामी जागा धरत नसतात.”

बुवांनी फ्रॉक मांडीवर पसरला. घेरातून हात आत घातला आणि गळ्यातून मूठ वर काढली.

“इथून काय बाहेर यायचं, मास्तर?”

मास्तर त्या मुठीकडे बघत राहिले.



बुवांनी मूठ हलवली नाही.

“डोकं,” शेवटी मास्तर म्हणाले. “गळा लहान होता. अडकायचं. मग आतून ओरडायची... बाबा, अंधार झाला...”

वर्षभर ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, तो माणूस मठाच्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडला. फार वाईट रडला.

बुवांनी ना पाठीवर हात ठेवला, ना पाणी विचारलं. ते सुईत दोरा ओवत होते.

“आता मी काय करू, बुवा?”

“कापड ठेवून जा. शिवणीत जाईल ते जाईल,” बुवा म्हणाले. “वजा केलंत तेवढं घरी घेऊन जा.”