नांगीवरचा शिक्का

त्या राज्यात शिपायाला नांगी एकच मिळे आणि ती एकदाच चालवता येई. चालवली की ती शत्रूच्या अंगात रुतून राही आणि चालवणारी माशी तिथल्या तिथे मरे. पोळ्याच्या दारावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीने हे मान्य करूनच पहारा पत्करलेला असे. त्यामुळे दारावर जिवंत दिसणारी माशी म्हणजे जिने अजून कोणाला मारलेले नाही अशी माशी, हे तिथल्या डोळे न उघडलेल्या अळीलाही कळत होते. न्यायसभेला मात्र ते कळत नव्हते, आणि पुढचे सगळे त्यापायी घडले.

एका दुपारी पोळ्याच्या दारात एक फुलपाखरू मरून पडलेले सापडले. पलीकडच्या राईतून ते पाहुणे म्हणून आले होते आणि त्याच्याजवळ हत्यार नावाची वस्तू नव्हती. त्याच्या मानेत नांगी रुतलेली होती. राईतून लगेच निरोप आला, की गुन्हेगार दाखवा, नाहीतर आमची फुले तुम्हाला बंद. त्या वेळी दारावर दोघी होत्या. एक पहाऱ्याच्या नायकिणीची भाची. ती दाराखालच्या गवतात मेलेली सापडली. दुसरी करवंदी, ती दारावर धडधाकट उभी होती. आता यात निवाडा करण्यासारखे काय शिल्लक होते, ते देव जाणे. पण दिवस मावळायच्या आत भाचीला वीरमरण आल्याचे जाहीर होऊन मानाने निरोप दिला गेला, आणि करवंदीला अटक झाली.

आरोप नायकिणीने लावला. न्यायसभेतल्या पाचजणी नायकिणीनेच नेमल्या. पाचहीजणी तिच्याच हाताखालच्या, आणि पुढच्या मोसमात कोणी कुठल्या दारावर उभे राहायचे तेही तीच ठरवणार होती. बचावासाठी करवंदीला राज्याकडून एक नर मिळाला. त्याने दोन दिवस मध चाटला आणि तिसऱ्या दिवशी सल्ला दिला, "कबूल करून टाक. कबूल केलंस तर पंख छाटून हाकलतील. नाही केलंस तरी पंख छाटूनच हाकलतील. पण कबूल केलं की लवकर आटपतं."

करवंदीने त्याला हात जोडले आणि बाहेरच्या भुंग्याला निरोप धाडला. हा भुंगा एका वाळक्या ओंडक्यात राही आणि शिपायांच्या बाजूने भांडणे हाच त्याचा धंदा होता. परका म्हणून त्याला पोळ्याच्या आत मज्जाव होता. जे काय बोलायचे ते उंबऱ्यावरून.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, नांगी जागेवर आहे ना?"

"आहे की, काका. नसती तर तुमच्याशी बोलत असते का मी?"

"मग अर्ध्या घटकेचं काम आहे," भुंगा म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे फार दिवस टोचत राहिले.

राज्याचा नियम असा होता, की अटक होताच आरोपीच्या नांगीवर मेणाचा शिक्का मारायचा. कारण न्यायसभेत नांगी उघडी करणे हा देहान्ताचा गुन्हा होता. भुंग्याने सभेला विनंती केली, की शिक्का काढा, खाली बघा आणि पोरीला घरी पाठवा.

"शिक्का काढला तर नांगी उघडी पडेल," सभेची मुख्य म्हणाली. "म्हणजे आरोपीवर दुसरा गुन्हा दाखल होईल. तुम्ही तिच्या बचावाला आला आहात ना?"

"बरं, नका काढू. पण बाई, ती तुमच्यासमोर जिवंत उभी आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

यावर पाचजणींनी बराच वेळ कुजबुज केली. मग मुख्य म्हणाली, "आरोपी हजर असल्याची नोंद कागदावर आहे. जिवंत असल्याची नाही."

भुंग्याने कपाळ उंबऱ्यावर टेकले. थोड्या वेळाने ते उचलून त्याने भाचीचा देह तपासावा असा अर्ज केला. वीरमरण आलेल्या माशीची तपासणी हा साऱ्या पहाऱ्याचा अपमान आहे, असे त्याला सुनावण्यात आले.

"मग फुलपाखराच्या मानेतली नांगी कोणाची?"

"तेच ठरवायला ही सभा बसली आहे."

शेवटी करवंदीला बोलायला सांगितले. ती साधेपणाने म्हणाली, "भाचीबाई पाहुण्याच्या अंगावर धावल्या. मी अडवायला गेले, पण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं."

"म्हणजे तू तिथे पोचलीस," नायकीण म्हणाली. कारकून माशीने लिहिले, की आरोपीने घटनास्थळी पोचल्याचे कबूल केले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. बरे, घडा निदान ओतलेले पाणी आपल्याविरुद्ध वापरत नाही.

तासाभरात निकाल लागला आणि करवंदीचे पंख छाटले गेले. मेण राज्याच्या मालकीचे असल्यामुळे हद्दपार माशीच्या अंगावरून ते खरवडून घ्यायचा रिवाज होता. दारावरच्या दोन नव्या पहारेकरणींनी ते खरवडले. भुंगा याच क्षणासाठी थांबला होता. "आता तरी बघा गं," तो म्हणाला. "ती बघा नांगी. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आम्हाला बाहेर बघायचा हुकूम आहे," एक म्हणाली, आणि दोघींनी बाहेर पाहिले.

बाहेरून गांधीलमाशी येत होती. सगळे पोळे खटल्यात गुंतलेले पाहून ती दोन दिवस घिरट्या घालत होती. एक गांधीलमाशी आत शिरली, की पाठोपाठ तिचा सारा गोतावळा शिरतो आणि एकही अळी उरत नाही. दोघी नव्या पहारेकरणी पावला-पावलाने मागे सरकल्या आणि आत गेल्या. उंबऱ्यावर करवंदी एकटी राहिली.

"खाली गवतात उडी टाक, पोरी," भुंगा म्हणाला. "हे दार आता तुझं नाही. त्यांनीच सांगितलंय तसं."

"दार कोणाचंही असो, काका. आत्ता त्यावर मी आहे ना."

पंख नव्हते, म्हणून ती चालत गेली. गांधीलमाशीने तिला तोंडात धरले तेव्हाच तिची मान करवंदीच्या टप्प्यात आली. पोळे वाचले. भुंग्याला करवंदीचे दोन तुकडे गोळा करावे लागले, आणि ते करताना तो रडला.

निदान नाव तरी धुऊन निघावे म्हणून त्याने फेरतपासणी मागितली. ती चटकन मंजूर झाली. आरोपी मेलेली असल्याने आता नांगी उघडी पडण्याचा प्रश्न नव्हता. पाचहीजणी खाली वाकल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिले. उलटून पाहिले, सुलटून पाहिले. भुंगा दाराकडे बोट करून जीव तोडून काही सांगू लागला, पण फेरतपासणीत बचावाच्या वकिलाने बोलायची सोय नव्हती. कारकून माशीने लिहून घेतले: नांगी जागेवर आढळली नाही. मूळ निकाल बरोबर होता. मग रिवाजाप्रमाणे त्या रिकाम्या जागेवर मेणाचा शिक्का मारण्यात आला.

भुंगा माघारी वळला. दारावर नायकिणीच्या हुकमाने ती गांधीलमाशी टांगली होती, नायकिणीच्याच पराक्रमाची खूण म्हणून. येणारी-जाणारी प्रत्येक माशी तिच्याखाली थांबून मान लववत होती. गांधीलमाशीच्या मानेत नांगी अजून तशीच होती.