भिंगरीचा नाच

माणसाला कुऱ्हाड ठाऊक नव्हती तेव्हाची गोष्ट. एका ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. केवढं नवलाचं घर ते! फुलांची वाट एकीनं नाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी अंधारात तो नाच अंगानं चाचपून ध्यानात ठेवायचा. साऱ्या रानाच्या वाटा त्या ढोलीत राहत होत्या.

दारावर ठिणगी आणि तिच्या बहिणी राखण करायच्या. येणारीला हुंगायचं, परकीला हाकलायचं आणि आतला केर बाहेर टाकायचा, ही त्यांची कामं.

पोळं म्हातारं झालं, राखणदारणीही थकल्या. तळाशी साचलेला चिकट केर त्यांना उचलवेना. त्याचा वास चढत गेला, तशा त्या चिडत गेल्या.

एकदा वाट नाचून दाखवणारी भिंगरी पांगाऱ्याच्या फुलांचा पराग घेऊन आली.

“हिला परका वास येतोय!” ठिणगी ओरडली.

“अगं, मी भिंगरी! अळी होतीस तेव्हा मी भरवलंय तुला.”

राखणदारणींनी तिचे पंख कुरतडून तिला बाहेर फेकलं. मग रानातून परतणाऱ्या दुसरीला, मग तिसरीला. संध्याकाळपर्यंत पोळ्यात वाट सांगणारं कुणी उरलं नाही.

दमलेली ठिणगी आपले पाय पुसू लागली आणि थबकली. तिच्या पायांना तोच ‘परका’ वास होता. घरातल्या केराचा.

ती तळाशी गेली, केराचा एक कण तोंडात धरून दाराबाहेर आली. समोर सालीवर, पंख नसलेली भिंगरी अजून पांगाऱ्याची वाट नाचत होती.