आलो म्हणणारे वस्ताद

फार वर्षांपूर्वी, सिनेमाला अजून वाचा फुटली नव्हती तेव्हा, आमच्या आंबेघोलच्या तालमीत हैबती वस्ताद तलवार शिकवायचे. डोळ्यांना पट्टी बांधून ते दुसऱ्याच्या तळहातावरचं लिंबू कापायचे, आणि हाताला नुसता रस लागायचा, असं म्हणतात. हसताय? हसा बापडे.

त्यांचा नियम एकच. वार करण्याआधी ‘आलो’ म्हणायचं, आणि समोरच्यानं ‘ये’ म्हटल्याशिवाय हात चालवायचा नाही.

कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीनं वस्तादांना बोलावलं. तिथले नट तलवारी अशा फिरवायचे, की माश्या हाकताहेत वाटावं. त्यांना शिकवायचं आणि पडद्यावरची लढाई बसवायची, हे काम. त्यांच्याच तालमीतला सिदू नायकाऐवजी लढायला सोबत निघाला. त्याची आई कोंडाबाई विधवा, आणि हा तिचा एकुलता एक. ती म्हणाली, “वस्ताद, जसा नेताय तसा आणा.” वस्तादांनी तिच्या उंबऱ्याला हात लावून शब्द दिला.

मुक्या सिनेमात सगळं झकास चाललं. लढणारे ‘आलो’, ‘ये’ ओरडायचे, पडद्यावर नुसती पाती चमकायची. वस्तादांच्या लढाईच्या वाऱ्यानं थेटरातले दिवे विझायचे, असं म्हणतात.

मग सिनेमा बोलायला लागला आणि पंचाईत झाली. यंत्रात ‘आलो’ ऐकू यायला लागलं. दिग्दर्शक वैतागले. वैऱ्याला कुणी सांगून मारतं का, म्हणाले.

वस्ताद म्हणाले, “वैरी कुठाय, साहेब? वैऱ्याचं सोंग घेतलेला आपलाच माणूस हाय.”

साहेब ऐकेनात. तोंड बंद ठेवा, नाहीतर घरी जा, असं बजावलं. वस्ताद गेलेही असते, पण सिदूला पडद्याचं वेड, तो काही हलेना. मग वस्तादांनी ती अट मानली, आणि कॅमेऱ्याशेजारी पाय रोवून उभे राहिले.

लढाई सुरू झाली. धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्यात खलनायकाचं काम करणाऱ्या नटाचा हात चुकला. ठरल्या वेळेआधीच तलवार सिदूच्या तोंडावर निघाली. सिदूची नजर दुसरीकडे. वस्ताद गरजले, “आलो!”

सिदूची मान सवयीनं खाली गेली. पटक्याचा शेमला तेवढा कापून पडला. तेवढ्यावरच तलवार त्या आवाजानं हवेत थबकली, असं म्हणतात. साहेब आधी भडकले, मग त्यांनी तो शेमला स्वतः वाकून उचलला. त्यांनी तो आवाज सिनेमातून काढला नाही. कोल्हापूरच्या थेटरात ऐन लढाईत ‘आलो’ ऐकू आलं, तेव्हा आमचं अख्खं गाव उठून ओरडलं, “ये!”

सिदू घरी आला तेव्हा कोंडाबाईनं त्याचे दोन्ही डोळे चाचपून पाहिले आणि वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं. तो सिदू म्हणजे माझा आजा. तो वाचला म्हणून मी तुमच्यापुढं बसलोय. वस्तादांचे उपकार फिटायचे नाहीत बाबांनो.

पुढं वस्ताद पिकल्या पानागत म्हातारे झाले. एका दुपारी दाराकडं बघून शांतपणे ‘ये’ म्हणाले आणि डोळे मिटले. मरणसुद्धा त्यांना सांगून आलं, असं म्हणतात.

अजून आमच्याकडं उसाच्या फडात शेजारी कुणी असलं, की ‘आलो’ म्हटल्याशिवाय कोयता चालत नाही. आणि खंडेनवमीला वस्तादांची तलवार पुजून झाली, की आमच्या घरातला माणूस तालमीच्या दारात उभा राहून ‘आलो’ म्हणतो. हल्ली तो मान माझा. आतून सगळं गाव म्हणतं, “ये.”